शहरात दोनच

आम्ही हिंदी मुलखातल्या एका शहरात राहायचो; बाबा तिथल्या फॅक्टरीत फिटर होते. मी सातवीत असताना त्यांनी बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या एका दुकानातून मला व्हिडिओ गेम आणून दिला. सगळ्यांकडे असायचा तो नव्हे, वेगळ्याच कंपनीचा. सोबत एकच कॅसेट होती, मोटारींच्या शर्यतीची. महिन्याभरात मला तिच्यातलं वळण न् वळण पाठ झालं. मैत्रिणींच्या कॅसेट माझ्या यंत्रात बसत नव्हत्या.

"काहून तोंड पाडून बसली?" बाबांनी एकदा विचारलं. मी कारण सांगितलं, तसे ते मला घेऊन दुकानात गेले.

"भैया, नए गेम अब नहीं आएँगे. कंपनी ने ही बंद कर दिया," दुकानदार म्हणाला. मग जरा ओशाळून म्हणाला, "दो ही पीस बिके थे. दूसरा पनागर गया, एक मटरवाले किसान के घर."

रविवारी बाबांनी स्कूटर काढली. शहराबाहेरच्या पनागरला विचारत विचारत आम्ही ते घर शोधलं. ओट्यावर माझ्याच वयाची एक मुलगी गृहपाठ करत बसली होती. बाबांनी संकोचत येण्याचं कारण सांगितलं. ती उठून आत गेली आणि भूलभुलैयाची कॅसेट घेऊन आली.

"मैं तो सोचती थी, ये बस मेरे ही पास है," ती म्हणाली.

मग दर महिन्याला आमची अदलाबदल सुरू झाली. कधी आम्ही जायचो, कधी ती वडिलांबरोबर यायची आणि दिवसभर राहायची. आईशी बोलता बोलता ती मराठी शिकली. आज माझ्या लेकीपेक्षा ती चांगलं मराठी बोलते.

यंत्र केव्हाच बिघडलं, पण मी ते टाकलेलं नाही. ते खूप खपलं असतं, तर पनागरचा रस्ता आम्ही कशाला धरला असता?

गेल्या वर्षी बाबा दोन आठवडे दवाखान्यात होते. मी कुणाला बोलावलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती डबा घेऊन आली आणि मग रोज येत राहिली. माझ्या हातून न जेवणारे बाबा, "काका, दोन घास तर घ्या," असं तिनं म्हटलं की मुकाट्यानं जेवायचे.

ते बरे होऊन घरी आले. आता दर रविवारी तेच तिला फोन लावतात, आणि माझा चहा करून झाला तरी त्यांच्या गप्पा काही संपत नाहीत.