कॉमेंट खरी ठेवणारे वानखडे सर

आज रविवार. सकाळी घरचं आवरलं आणि राजापेठेतल्या आमच्या ऑफिसात आले. बाकी कोणी नाही. वानखडे सरांच्या एकसष्टीच्या अंकासाठी मजकूर द्यायचा राहिला होता, तो लिहीत आहे.

सरांची पहिली ओळख मुलाखतीत झाली. त्यांनी एक जुना प्रोग्राम दाखवून विचारलं, "इथं असं काहून केलं असंन, सांगा." मला सांगता आलं नाही. "मलेही नाही येत," सर म्हणाले, "अन् लिहिला मीच हाय."

त्या अडचणीतूनच त्यांनी आमचं साधन तयार केलं. प्रोग्रामच्या प्रत्येक भागावर, तो काय करतो आणि का करतो, याची कॉमेंट लिहायची. साधन त्या सगळ्या गोळा करून मॅन्युअल तयार करतं, एक अक्षरही न बदलता. पुण्याच्या एका ग्राहकांनी त्यातल्या वऱ्हाडीवर नाक मुरडलं.

"ही भाषा जरा सुधारा."

"समजलं का तुमाले?" सरांनी विचारलं.

"समजलं."

"मंग सुधरवाचं काय त्यात?"

माझे पती सुनील याच ऑफिसात होते. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगचा प्रोग्राम त्यांचा. गेल्या वर्षी ते गेले. मी अकोल्याला जठारपेठेत माहेरी होते, तेव्हा सर आणि वानखडे काकू येऊन बसले. कामाचा विषय काढला नाही. परत आल्यावर सरांनी तो प्रोग्राम माझ्याकडे सोपवला. तोवर मी फक्त तपासणीचं काम करत असे. सुनीलच्या कॉमेंट वाचत वाचत तो शिकले. नोकरी टिकली ती त्यामुळे.

वजनाच्या भागावर त्यांनी लिहिलं होतं, "आधी ओलाव्याची कपात, मंग वजन गोल करा. उलटं केलं त काट्यावर भांडन होते." आता अकोल्याच्या जिनिंगवर नवा काटा बसला आहे. तो वजन पूर्ण किलोत गोल करूनच देतो. प्रोग्राम मी बदलला, कॉमेंट तशीच ठेवली. शुक्रवारी ती जुनी कॉमेंट पाहून सरांनी बोलावलं.

"सर, राहू द्या ना ती. खाली माझी लिहिते."

"रेखाताई, नवीन मानूस मॅन्युअल वाचून पुन्हा गोल करन. कापूस आननाऱ्या कास्तकाराचं वजन कमी भरन. सुनीलले चाललं असतं का?"

"नाही."

"मी हात नाही लावत. दुसऱ्या कोनाले लावू देत नाही. पन काटा सुरू व्हायच्या आधी पाहून घ्या."

ते काम सरांनी माझ्यासाठी ठेवलं, याबद्दल त्यांचे आभार कसे मानावे ते मला कळत नाही. त्यांची तब्येत चांगली राहो, डोळे शाबूत राहोत, आणि आमच्या कॉमेंट त्यांनी अजून खूप वर्षं तपासाव्यात.

काटा उद्या सुरू होतो. इथवर लिहून झाल्यावर मी ती फाइल उघडली. सुनीलची ओळ एकदा वाचली आणि खोडली. त्या जागी लिहिलं, "काटा वजन गोल करूनच देते. इथं फक्त ओलाव्याची कपात करा." मग साधन चालवलं आणि मॅन्युअलचं ते पान छापायला दिलं.