ऐनाच्या सालीत तिखट

मी जन्माची उतावळी. आमच्या साताऱ्याच्या प्रयोगशाळेतलं दळायचं यंत्र जळालं, तेव्हा दुरुस्तीपर्यंत थांबले असते तर काय बिघडलं असतं? पण सरांनी बजावलं होतं, "या महिन्यात काही हाती लागलं नाही, तर ऐन सोड, दुसरं झाड घे." ऐनाच्या सालीत जंतू मारणारं काहीतरी आहे, या एका वेडापायी मी दोन वर्षं कोयनेकडच्या रानात जळवांना रक्त पाजलं होतं. आता सोडते कशाला?

वाळलेली साल पिशवीत भरली आणि सांगलीकडच्या आमच्या गावी जाऊन थेट मसाला कांडपावर उभी राहिले. उन्हाळ्याचे दिवस, बायकांची ही रांग. कांडपवाल्या मावशींनी साल हुंगली.

"काय गं, घरात कोण आजारी हाय व्हय?"

"न्हाई मावशी, जंतू मारायचेत."

"मग लय बारीक कुटून देती."

त्यांनी यंत्र फडक्यानं पुसलं आणि तेवढ्यावर माझं समाधान झालं. एमएस्सी झालेली बाई मी!

भुकटी मेथॅनॉलमधे भिजवून अर्क काढला. जंतू वाढवायच्या पेट्री डिशमधे छोटा खड्डा करून त्यात थेंबभर घातला. दुसऱ्या दिवशी खड्ड्याभोवती भलंमोठं वर्तुळ, आत जंतूचं नावही नाही. मी तिथल्या तिथं नाचले. सरांनी अख्ख्या विभागाला चहा पाजला. आईनं देवापुढं साखर ठेवली.

आठवड्यानं अर्कात कोणती रसायनं आहेत त्याचा अहवाल माझ्या हातात पडला. कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतलं तिखट. खाली युजेनॉल, लवंगेतलं. ऐनाला मिरच्या लागत नाहीत, एवढं मलाही कळतं. अहवाल दडवावा असं क्षणभर वाटलं, हेही सांगून टाकते. मग सरांकडे गेले.

"सर, जंतू ऐनानं नाही, आमच्या कांदा-लसूण मसाल्यानं मारलेत."

सर अहवाल वरपासून खालपर्यंत वाचून गेले. मग इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "पंधरा दिवस देतो," म्हणाले, "पण कांडपाची पायरी चढायची नाही."

नवा खलबत्ता आणला, धुतला, वाळवला आणि उरलेली साल हातानं कुटली. तळहाताला फोड आले, तरी मी गुणगुणत होते. कबुली देऊन टाकल्यावर मन कसं हलकं झालं होतं.

डिश उघडताना सर शेजारी होते. नुसतं मेथॅनॉल घातलेल्या खड्ड्याच्या काठापर्यंत जंतू बिनघोर माजले होते. अर्काच्या खड्ड्याभोवती मात्र एक नितळ वर्तुळ होतं. सरांनी पट्टी लावली. मागच्याच्या निम्मंही भरेना.

"लहान आहे," ते म्हणाले.

"पण ऐनाचं आहे, सर," मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं.