मामानं निवडलेला प्रिंटर

फोटोतलं जेवढं मले समजते तेवढं आमच्या एकोडी गावात कोनालेच समजत नाही. माह्या फोटोतल्या निम्म्या मानसाइले मुंडकं नाही, ते अलग!

शाळा आपली दुसरीतच सुटली, पन शौक मोठा. तलावावरचे बगळे, बदकं, सारे मोबाइलात कोंबून ठेवले. आईचा मात्र समोरून काढलेला एकच फोटो. हाती सूप, अन् तोंडावर "आता सरकतं का इथून?" असा भाव. मंग उन्हाळ्यात आई गेली.

बाबाचे डोळे काचबिंदूनं खाऊन टाकले. डॉक्टर म्हने, उरलंसुरलं दिसनंही जाईल. मी बाबासमोर मोबाइल धरला.

"हा बगळा होय का?"

"बाबा, आई होय!"

बाबानं मोबाइल डोळ्याले भिडवला. मंग म्हनले, "मोठी करून दाखव ना. जायच्या आंधी एकडाव पाहून घेतो."

(डोळे जायच्या आंधी का स्वतः, ते मी इचारलं नाही.)

तवाच ठरवलं, आई दारायेवढी छापाची, अन् घरीच छापाची! बायको म्हने, "लाखनीत फ्लेक्सवाला आहे ना, तासाभरात देते."

"तिथं नेत्याइचे वाढदिवस छापतेत! माही आई त्याइच्या रांगेत उभी करू?"

भंडाऱ्याले एका दुकानात जुने प्रिंटर विकाले होते. संगं मामाले घेतलं, आईचा भाऊ. मामानं उभ्या जिंदगीत बैल सोडून काही निवडलं नाही, पन बैलात कधी फसला नाही. दुकानदारानं एक बारका प्रिंटर दाखवला.

"फोटोसाठी हा न्या, भाऊ. आठ रंगाचा आहे. तो मोठा नकाशे छापाचा होय, अन् लय दिवसाचा बंद आहे."

मामानं बारक्याकडं पाह्यलं. "हे तं गोऱ्हं आहे बे!"

मंग त्यानं मोठ्याच्या पाठीवर थाप मारली, पाय हलवून पाह्यले, तोंड उघडून आत वाकला. "खांदा पाह्य याचा! हा वढीन! माह्या बहिनीचं काम आहे, मरतुकडा कायले नेतं?"

मीही समजल्यासारखी मान हलवली. (तोंडात काय पाहाचं असते, तेच मले माहीत नव्हतं!)

घरी आनला तं दारातून जाईना. उभा केला, आडवा केला, तिरपा केला. बायको म्हने, "आता भिंत पाडता का?" शेवटी बैलाइच्या कोठ्यात नेला, गव्हानीपाशी. मामानं सवयीनं त्याच्या पायाले दोरही बांधला!

पहिल्या कागदावर आई निळीशार निघाली. लाल शाईचं नळकांडं सुकलेलं. ते साफ केलं, तं दुसऱ्यावर आईच्या अंगावर वाघासारखे पट्टे! मामानं प्रिंटरच्या पाठीवर हात फिरवला, "चाल राजा, चाल." अन् तिसरा कागद खरंच बरोबर निघाले लागला! केस निघाले. कपाळ निघालं. डोळे निघाले. अन् लाइन गेली.

आई नाकापर्यंत बाहेर, बाकीची आत.

बायकोनं बाबाले हाताले धरून आनलं. बाबा वाकले, नाक कागदाले टेकलं. बोट आईच्या कपाळावरून फिरवलं.

"दिसते का, बाबा?"

"तिचेच डोळे होत." मंग हळूच म्हनले, "माह्याकडंच पाहून राहिली."

मामा गव्हानीकडं तोंड करून उभा राहिला. मी उगाच प्रिंटरच्या पायाचा दोर घट्ट करत बसलो.

अन् तेवढ्यात लाइन आली! प्रिंटर खर्रकन ओरडला अन् कागद उलटा आत ओढाले लागला.

"धरा! धरा!"

मामानं एक कोना धरला, मी दुसरा. दोघाच्या हाती दोन चिंध्या, अन् आईचे डोळे चुरगळून आत! बाबाचं बोट तेवढं ओल्या शाईनं काळं झालं. ते बोट तसंच हवेत धरून उभे.

"थांबा, बाबा, थांबा! मी शाई भरतो, दुसरा कागद लावतो, नाही तं मशीनच खोलतो..."

बाबा म्हनले, "राहू दे. तिची सारी जिंदगी तुह्यं निस्तरन्यात गेली. आता मेल्यावर तरी सोड ना बे तिले!"