भिमाबाईची कुंची

भिमाबाई वाघचौरेला पहिली मुलगी झाली ती १९८४ साली, वाशीत. बाळंतपणाला माहेरी जायचं ठरलं होतं. पण ऐन वेळी तिची आई दुर्गाबाई बैलगाडीवरून पडली आणि पाय मोडून बसली. माहेर लांब, बालाघाटाच्या पायथ्याला. तिकडून आईनं निरोप धाडला, ‘मला येता येत नाही. नातीला कुंची शिवलीय, किसन पोस्टात टाकतोय.’ किसन म्हणजे भिमाबाईचा धाकटा भाऊ.

कुंची आईच्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याची होती. ते ऐकून भिमाबाई हरखली. नवरा शिवराम जवळच्या पावणे गावातल्या एका कारखान्यात कामाला. तो गेला की ती लेकीला मांडीवर घेऊन दारात बसायची आणि पोस्टमन गल्लीत वळला की उठून उभी राहायची.

महिना गेला, दुसराही गेला. लेकीचं नाव पुतळा ठेवलं. ती पालथी पडायला लागली तेव्हा भिमाबाई तिला कडेवर घेऊन पोस्टात गेली. खिडकीमागे दिनानाथ भोईर नावाचे कारकून होते, खाडीकाठच्याच गावचे.

“पावती हाय का?” त्यांनी विचारलं.

“पावती भावाकडं हाय, गावाला.”

“मंग तक्रार बी त्यानंच कराची. पार्सल जो धाडतो त्यानं. नियम हाय, बाय.”

शिवरामनं तसं पत्र लिहिलं. किसननं तिकडून तक्रार केली. ‘चौकशी चालू आहे’ असं छापील उत्तर आलं. मग एक फॉर्म आला. आतल्या वस्तूचा प्रकार विचारला होता, किसननं ‘कुंची’ लिहिलं. त्यावर पुन्हा कागद आला, ‘कुंची म्हणजे काय, याचा खुलासा करावा.’ दुर्गाबाईनं अंथरुणावरूनच सुनावलं, “लिही त्यास्नी, तुमच्या आयांनी तुमच्या डोक्यावर घातली व्हती ती!” किसननं ते लिहिलं नाही. ‘लहान मुलाचे टोपडे, मागे पदर असलेले’ असा खुलासा त्यानं पाठवला.

इकडे भिमाबाई कांदा-बटाटा मार्केटात कांदे निवडायच्या कामाला जाऊ लागली. दर सोमवारी दुपारी ती पोस्टात डोकवायची. दिनानाथ आता तिला लांबूनच मान हलवून ‘नाही’ सांगायचे. पुतळाला मात्र काउंटरवर बसवून घ्यायचे आणि जुना रबरी शिक्का हातात द्यायचे.

एका सोमवारी ते म्हणाले, “भावाकडून ती पावतीच मागवून घे. मला बघू दे.”

पावती आली. दिनानाथांनी चष्मा कपाळावर सरकवून ती डोळ्यांजवळ धरली.

“पत्ता कुनी लिवला?”

“गावच्या दुकानदारानं.”

“त्यानं नुसतं वाशी लिवलंय. नवी मुंबई नाय, पिनकोड नाय. अगो बाय, वाशी दोन हायेत! एक ही आमची, नि एक तुमच्याच मुलखात.”

भिमाबाईनं कपाळाला हात लावला. “ती वाशी व्हय? ती तर आमच्या गावापासनं आठ कोसांवर! बाजाराला जातो आमी तिथं.” आणि तिला असं हसू फुटलं, की रांगेतली माणसंही हसली. सात महिने ज्याची वाट बघितली, ते पार्सल आठ कोसांच्या पुढं गेलंच नव्हतं.

तिकडच्या पोस्टमास्तरांना दिनानाथांनी अर्ज लिहिला आणि शाईचा पॅड पुढं केला. “हितं अंगठा दे.”

“नगं,” भिमाबाई म्हणाली. “सही करते. तिसरी शिकलेय.”

शाळा सुटल्याला पंधरा वर्षं झाली होती. ‘भिमाबाई’ जमलं. ‘वाघचौरे’तल्या ‘चौ’ला मात्रा एक की दोन, ते तिनं विचारून घेतलं. रांग तेवढा वेळ थांबली.

तीन आठवड्यांनी पार्सल आलं. वेष्टनावर कुणीतरी शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘पाठवणाऱ्याचा पत्ता पुसला आहे, सबब परत धाडता आले नाही. हाताला मऊ लागले, बाळाचे असावे. जपून ठेवले.’ भिमाबाईनं ते दोनदा वाचलं.

पुतळा तोवर भिंत धरून उभी राहत होती. कुंची तिच्या कानांच्या खाली उतरेना. तिनं ती ओढून फेकली आणि टाळ्या पिटल्या. भिमाबाईला वाईट वाटलं, पण फार वेळ नाही. शेजारी कोळ्यांचं घर होतं, तिथल्या शांतीकाकूंना पंधरा दिवसांचा नातू होता. ती कुंची घेऊन तडक तिकडे गेली. हिरव्या काठात ते एवढंसं तोंड असं काही दिसलं, की काकूंनी आपल्या सुनेला बाजेवरून उठवून आणलं.

त्या रात्री तिनं आईला स्वतःच्या हातानं कार्ड लिहिलं. ‘सप्रेम जय भीम. कुंची पोचली. कोळ्याच्या लेकराला लई शोभली.’ आईचं उत्तर किसनच्या अक्षरात आलं, ‘बरं केलंस. कुंचीला डोकं मिळालं म्हणजे झालं.’

मग मार्केटात बातमी पसरली, की भिमाबाई पत्ता लिहिते, पिनकोडासकट. दुपारच्या सुट्टीत बायका आणि हमाल तिच्यापुढं कार्डं धरू लागले. एकदा बाजीराव नावाचा हमाल आला. गाव सोडून चार वर्षं झाली होती, एकही पत्र नाही.

“काय लिहू?” तिनं विचारलं.

“लिव्हा, मी बरा हाय.”

“एवढंच?”

बाजीराव पोत्यावर टेकला. मग बोलायला लागला. कार्डाच्या दोन्ही बाजू भरल्या, तरी त्याचं सांगून संपेना. भिमाबाईनं दुसरं कार्ड काढलं.