न दिलेली माती

वहिनी गेली त्याला आता महिना उलटून गेला. भाच्याचा फोन आला तेव्हा मी वाशीमच्या घरी गॅसवर दूध ठेवून उभी होते. "आत्या, आई गेली," एवढंच तो म्हणाला, आणि मी आधी काय केलं असेल तर गॅस बंद केला... दूध उतू जाऊ नये म्हणून. त्याचं मला वाईट वाटत नाही, हातांना सवयी असतात. वाईट वाटतं ते त्याआधीच्या भेटीचं. गावच्या घरी खिडकीपाशी तिची खाट टाकली होती. जेवण सुटलं होतं, पण डोकं ठिकाणावर होतं, हे मी आज म्हणते. त्या दिवशी मात्र मला तसं वाटलं नाही. बराच वेळ ती छताकडे बघत होती, मग मान वळवून म्हणाली, "बाई, माती चोरल्याचं पाप लागते काय वं?" मला वाटलं, म्हातारपण बोलतंय. आणि माझी जीभ म्हणजे काय, शाळेत पस्तीस वर्षं पोरांना टोमणे मारून धार लागलेली. मी हसत म्हटलं, "माती कायले चोरशील वहिनी? जंतू चोरले असशील तू!" तीही हसली. नेहमीसारखीच हसली. मग डोळे मिटून घेतले, आणि मी संध्याकाळच्या एसटीनं परत निघाले.

जंतूंची ती थट्टा आमच्या घरात फार जुनी. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय वहिनी कळणार नाही, आणि ती गोष्ट आजवर मीच सगळ्यात जास्त वेळा सांगितली आहे.

बहात्तरचा दुष्काळ सरला होता त्यानंतरची ती वर्षं. शेलूबाजारच्या अलीकडे आमचं गाव, गावाच्या कडेला आमची बौद्ध वस्ती, आणि टेकाडाला लागून आमचं बरड वावर. मुरूम जास्त, माती कमी. भाऊ, म्हणजे माझा थोरला भाऊ, जिद्दीचा माणूस. सोयाबीन नावाचं नवं पीक तेव्हा आमच्या भागात कुणी धड पाहिलंही नव्हतं. शेतकी खात्यानं दोन-तीन गावांत प्रयोगासाठी बियाणं द्यायचं ठरवलं, आणि भाऊनं खेटे घालून घालून ते मिळवलं. आमच्या वस्तीतल्या माणसाला असं काही मिळायची ती पहिलीच वेळ होती. बियाण्याबरोबर एक पुडी मिळाली. काळी भुकटी, ओलसर, काळीच्या मातीसारखी. त्यात जिवाणू होते. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचे, म्हणजे झाडाच्या मुळांवर गाठी येतात, आणि त्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरून झाडाला खाऊ घालतात. हे मी पुढे पोरांना फळ्यावर चित्र काढून शिकवलं. त्या दिवशी भाऊनं वहिनीच्या हातात पुडी देताना एवढंच सांगितलं, "जिवापाड सांभाळजो. यात जीव हाय."

वहिनी त्या घरात येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. जपून ठेवायचं बी कुठं ठेवतात, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं, तिच्या आईला तिच्या आईनं. दोडक्याचं, वालाचं, भोपळ्याचं बी फडक्यात बांधून चुलीवर टांगायचं, धुरात. धुरानं कीड लागत नाही, बी वर्षभर खणखणीत राहतं. चुलीवरच्या आढ्याला एक आकडा होता, त्याला घरातलं सगळ्यात मोलाचं बी लटकायचं. वहिनीनं त्या वर्षी दोडक्याचं फडकं खाली काढलं आणि पुडीला ती जागा दिली. पाऊस लांबला. पुडी रोज सकाळ-संध्याकाळ भाकरीच्या आचेवर शेकत राहिली, आणि वहिनी रोज हात वर करून ती चाचपून बघायची, कोरडी राहिली ना म्हणून.

पीक उगवलं छान आणि मग पिवळं पडत गेलं. श्रावण सरता सरता शेतकी खात्याचे साहेब पाहायला आले, त्यांच्यामागून अर्धं गाव आलं. साहेबांनी एक झाड उपटलं, माती झटकली. मुळं नुसती पांढरी, एक गाठ नाही. "पुडी कुठं ठेवली होती?" त्यांनी विचारलं. भाऊनं वहिनीकडे बघितलं. खोटं बोलणं तिला जमायचं नाही. पदर सारखा करत ती म्हणाली, "चुलीवर टांगली होती, साहेब. धुरात." साहेब वाईट नव्हते, पण ते हसले, आणि साहेब हसल्यावर गाव कशाला थांबतं? भाऊसुद्धा हसला. मी होस्टेलवरून सुट्टीला आले होते, तीही हसले. "बाईनं जंतू भाजून खाल्ले," कुणीतरी म्हणालं, आणि ते नाव तिला कायमचं चिकटलं.

जाताना साहेबांनी एक उपाय सांगितला. दुसरी पुडी काही मिळणार नव्हती. पण पलीकडच्या गावात एका शेतकऱ्याचं सोयाबीन हिरवंगार होतं, मुळं गाठींनी भरली होती. त्या वावरातली टोपलंभर माती आणून आपल्या वावरात टाकली तरी जिवाणू रुजतील, असं ते म्हणाले. भाऊ टोपलं घेऊन गेला आणि रिकामं घेऊन आला. त्या घरची म्हातारी ओट्यावर बसली होती. ती म्हणाली होती, "वावराची माती देली का वावराची बरकत जाते. घरची लक्ष्मी कोनी परक्याले देते काय?" परके म्हणजे किती परके, ते भाऊला न सांगता कळलं होतं. त्यानं टोपलं पालथं करून ठेवलं आणि जेवला नाही. वहिनीही जेवली नाही. त्या दिवसानंतर चुलीवरचा तो आकडा तिनं कधी वापरला नाही. दोडक्याचं बीसुद्धा ती रांजणाखालच्या गारव्यात मडक्यात ठेवायला लागली, आणि त्याला कीड लागायची, आणि आम्ही त्यावरूनही तिला चिडवायचो.

त्याच पावसाळ्यात वहिनी त्या पलीकडच्या गावी, त्याच शेतकऱ्याच्या वावरात, निंदायला म्हणजे तण काढायला जायला लागली. आमच्या वस्तीतल्या बाया जायच्याच, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते तिच्या परत यायच्या वाटेचं. बाकीच्या बाया नाल्यावर पाय धुऊन सरळ रस्त्यानं यायच्या. वहिनी तिकडची काळी माती घोट्यापर्यंत थापलेली तशीच पायावर घेऊन, वाट वाकडी करून आमच्या वावरात जायची. बांधाच्या कोपऱ्यात एक सपाट दगड होता. त्यावर उभी राहून नाल्यातून आणलेल्या तांब्याभर पाण्यानं ती पाय धुवायची, एकेक बोट सोडवून सोडवून, खुरपं धुवायची, लुगड्याचा काठ पिळायची. मी एकदा तिला हाक मारायला गेले तर म्हणाले, "काय वं वहिनी, गावच्या पाण्यानं तुझे पाय निघत नाई काय?" ती म्हणाली, "इथलं पानी गोड हाय, बाई." मी तिच्याहून लहान, तरी नणंद म्हणून ती मला 'तुमी' म्हणायची आणि मी तिला 'तू'. त्यातच आमचं सगळं नातं आलं.

काढणीनंतर तिनं तिथं सरवा वेचला. सांडलेलं धान्य वेचायला कुणी कुणाला मना करत नाही. तेवढंच मूठ-दीड मूठ बी तिनं पुढच्या वर्षी त्या दगडाच्या आसपास टोकलं. भाऊ म्हणाला, "खूळ हाय तुह्या डोक्यात." आणि तो कोपरा हिरवा आला. बाकी सगळं वावर ज्वारीचं, आणि त्या कोपऱ्यात काळपट हिरवी, रुंद पानांची झाडं. पोळ्याला मी घरी आले तेव्हा तिनं मला हाताला धरून तिथं नेलं, एक झाड उपटून माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "पाहा बरं, ह्याच गाठी व्हय काय?" मी एक गाठ नखानं फोडली. आत लालसर होती, म्हणजे जिवंत होती. मी नुकतीच कॉलेजात जीवशास्त्राला गेले होते, मला कोण आनंद झाला आपलं ज्ञान पाजळायला! म्हटलं, "ह्याच. वाऱ्यानं आले असतील जिवाणू, नाहीतर गुरांच्या खुरांना चिकटून." ती मान डोलावत ऐकत राहिली. "खुरांले चिकटून येते काय?" तिनं विचारलं. "येतात न," मी म्हटलं. तिनं ते झाड पुन्हा मातीत लावलं, जणू ते जगणारच होतं.

त्या कोपऱ्यातली माती भाऊनं पुढे वावरभर पसरली. दोन-तीन वर्षांत आमचं सोयाबीन बघायला लोक यायला लागले. पण थट्टा काही थांबली नाही. लग्नात, बारशात, कुठंही चार माणसं जमली की मी ती गोष्ट सांगायची, आणि मला ती रंगवून सांगता यायची. शाळेत 'उपयुक्त जिवाणू' हा धडा आला की माझी सुरुवात ठरलेली, "माझ्या वहिनीनं एकदा जिवाणूंची भाकरी भाजली..." वर्ग खळखळून हसायचा, मग मी फळ्यावर मुळांच्या गाठी काढायची. एकदा वहिनी कामासाठी वाशीमला आली होती, माझ्यासाठी तिळाच्या पोळ्या घेऊन शाळेत आली. मी वर्गात नेमकी तीच गोष्ट सांगत होते. दाराशी ती उभी असल्याचं मला पोरांच्या नजरेवरून कळलं. मी थांबायला हवं होतं. मी म्हटलं, "ही बघा, हीच ती!" आणि वहिनी दारातून हसत म्हणाली, "व्हय रे पोराहो, म्याच थे." डबा टेबलावर ठेवून ती व्हरांड्यात जाऊन बसली.

आणखी एक गोष्ट आता आठवते आणि झोप येत नाही. घरी संध्याकाळी त्रिशरण-पंचशील व्हायचं. वहिनीचा आवाज मोकळा होता, पण दुसऱ्या शीलाशी, न दिलेली वस्तू घेणार नाही या शीलाशी, तो खाली जायचा. ओठ हलायचे, शब्द यायचे नाहीत. मी समजत होते तिला पाली नीट पाठ नाही. मी एकदा सगळ्यांसमोर तिला ते शील घोकून घ्यायला लावलं, शाळेतल्या पोरासारखं. तिनं तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा तिचे डोळे भरले, तर मी म्हणाले, "अगं, शब्द कठीण आहे, इतकं काय मनाला लावून घेतेस?"

वहिनीच्या पुण्यानुमोदनाला, तिच्या स्मरणाच्या दिवशी, माणसं जेवून पांगत होती तेव्हा दारात ऑटो थांबला. त्यातून एक म्हातारी बाई उतरली आणि तिनं ऑटोवाल्याला सीटवरचं टोपलं उतरवायला लावलं. टोपल्यात काळी माती होती. ती कौसल्याबाई, पलीकडच्या गावच्या त्या शेतकऱ्याची बायको, माती द्यायला नाही म्हणालेल्या म्हातारीची सून. भाऊनं तिला ओळखलं, मी ओळखलं नाही. पाणी पिऊन ती म्हणाली, "तुमच्या वहिनीले म्या ज्या दिशी पाह्यलं, त्याच दिशी मले समजलं. निंदता निंदता थे झाडाच्या मुळाशी पाय घासे. सासू घरात होती, मले बोलता येत नव्हतं. मंग म्या विहिरीवरची बादली उचलून घरात ठेवून देली. बाया बोंबलल्या, पाय कायनं धुवाचे? म्या म्हटलं, घरी जाऊन धुवा. रोज ठेवून देत होती म्या बादली. थ्या निंदनात रोज. बाकीच्या बाया नाल्यावर धुवत, थे नाई धुवे. थिले सांगाचं होतं, का बाई, म्याच देली माती, तू कायची चोरली? सांगाचं राहूनच गेलं... आज जाऊ, उद्या जाऊ. आन् थे गेली."

म्हणजे सगळं आयुष्य तिनं चोर म्हणून काढलं, आणि ती चोर नव्हती. ज्या बाईनं दिलं तिला सांगायला जमलं नाही, आणि ज्या बाईला वहिनीनं विचारलं तिनं थट्टा केली. मरायला टेकलेल्या माणसानं एक प्रश्न विचारला होता. "कायची माती, वहिनी?" एवढं जरी मी विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. कौसल्याबाईंचं गाव काही लांब नव्हतं. भाच्याच्या मोटरसायकलवरून त्यांना तासाभरात आणता आलं असतं. मी घड्याळ बघत होते, एसटी चुकेल म्हणून.

भाऊचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून टोपलं घेऊन मी आणि भाचा वावरात गेलो. बांधाच्या कोपऱ्यातला तो दगड तसाच आहे, मधोमध थोडा खोलगट झालेला. वस्तीतल्या बाया आता वावरातून येताना तिथंच पाय धुतात, का ते त्यांना माहीत नाही, वहिनी धुवायची म्हणून धुतात. मी कौसल्याबाईंची माती दगडाभोवती हातानं पसरली. "दिली आहे गं," मी मोठ्यानं म्हणाले. भाच्यानं माझ्याकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. मग मी चपला काढल्या. माती दोन्ही पायांना लागली होती. भाच्यानं तांब्या माझ्या हातात दिला आणि मी त्या दगडावर उभी राहून पाय धुतले, एकेक बोट सोडवून सोडवून. सगळं पाणी जमिनीत मुरेपर्यंत मी खाली उतरले नाही.