कोर्टातून सरळ घरी

सेनिंगला भित्री म्हणायची हिंमत मनिलापासून दूर, बेटावरच्या एस्तान्सियाच्या धक्क्यावर कुणाची नव्हती. सकाळी बोटी लागल्या की टोपल्यांसाठी जी झोंबाझोंबी होते, तिच्यात धडधाकट गडी मागं सरतात. सेनिंग कोपर पुढं काढून आत घुसायची आणि हवी ती मासळी घेऊनच बाहेर पडायची. मग दिवसभर चिरायची, मिठात घालायची, बांबूच्या ताट्यांवर वाळत टाकायची. चाळिशी उलटलेली, अंगानं आडवी, तोंडानं फटकळ. असली ही बाई भर दुपारी स्वतःच्या घरात बसायला घाबरू लागली, ती तोंडानं घातलेल्या एका शिळेमुळं.

तिचा नवरा सियानो मोठ्या जाळ्याच्या बोटीवर खलाशी होता. एका वादळात बोट गेली. बाकीचे सगळे एकेक करून किनाऱ्याला लागले, कुणी जिवंत, कुणी मेलेले. सियानो दोन्हींत नव्हता. पोरबाळ झालेलं नव्हतं. घरात उरल्या सेनिंग आणि तिची सासू पासिंग. सेनिंग तिला नानाय म्हणायची, म्हणजे आई. सून आता माहेरची वाट धरणार असं सगळ्या वाडीनं गृहीत धरलं होतं. सून गेली नाही. दोघी एकमेकींवर खेकसत एकाच पातेल्यातला भात खात राहिल्या, आणि वर्षं गेली.

प्रेत नव्हतं, म्हणून मयताचं जागरण झालं नाही, नऊ संध्याकाळची प्रार्थना झाली नाही. पाद्रीबाबा एकदोनदा सुचवून गेले. पासिंगनं त्यांना कॉफी पाजली आणि पायरीपर्यंत पोचवून आली. सुनेला म्हणाली, "प्रार्थना मेलेल्यांसाठी करतात. माझ्या पोराला उशीर झालाय."

पुढं नेव्हिल आला. ऑस्ट्रेलियातल्या मकाय गावी सेनिंगची मावसबहीण दिलेली होती, तिच्या शेजारचा हा विधुर. साखर कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला, बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. आधी फोनवर ओळख झाली, मग तो स्वतः येऊन गेला. धक्क्यावरच्या बायकांना तर आयतंच मिळालं. "सेनिंग, मॉडेल जुनं दिसतंय ग. इंजिन तरी चालू आहे ना?" सेनिंग सुरी न थांबवता म्हणायची, "तुझ्या दारात उभं आहे ते तरी कुठं चालतंय?" पण तिला तो आवडला होता, अगदी मनापासून. पहिल्याच दिवशी त्यानं न विचारता ताट्या उचलून उन्हात मांडल्या आणि हाताला मासळीचा वास आला तरी नाक मुरडलं नाही. ते तिच्या मनात बसलं.

अडचण एकच होती. या देशात घटस्फोट नाही, आणि समुद्रात हरवलेला नवरा हा नवराच असतो. कोर्टानं सियानोला मेला म्हटल्याशिवाय नेव्हिलशी लग्न नाही, आणि लग्नाशिवाय व्हिसा नाही. कोर्टाला साक्ष हवी होती, आणि तीही घरच्या माणसाची. सेनिंग बरेच दिवस हा विषय काढायचं टाळत होती. शेवटी पासिंगच म्हणाली, "तुला जायचंय ना? मग मी सांगते त्यांना. म्हातारीचं कोण खोटं धरतंय?"

कोर्टात पंख्याखाली उभी राहून पासिंगनं सांगितलं. मुलाचा निरोप नाही, फोन नाही, स्वप्नातसुद्धा आला नाही. तो मेला असं मला वाटतं. वकिलानं मोठ्यानं बोलायला सांगितलं, तेव्हा तिनं तेच वाक्य मोठ्यानं म्हटलं. आपण या बाईकडून काय करून घेतोय, असं सेनिंगला वाटलं, आणि तरी तिनं तिला थांबवलं नाही, कारण तिला जायचं होतं. बाहेर पडल्यावर तिनं विचारलं, "नानाय, काही खाऊया?" पासिंग म्हणाली, "नको. पाय दुखतायत. सरळ घरी चल." पुढ्यात उभी होती त्या जीपनीत, भाड्याच्या लांब जीपगाडीत, दोघी चढल्या आणि थेट घराशी उतरल्या.

निकाल लागला. नगराध्यक्षांच्या कचेरीत साधंसं लग्न झालं, पासिंगनं त्यात नवा झगा घालून फोटो काढून घेतला. नेव्हिल परत गेला. व्हिसाचा अर्ज गेला आणि वाट बघणं सुरू झालं.

एका दुपारी फोनवर नेव्हिल म्हणाला, "तुमच्याकडे शीळ कोण घालतं ग? मागच्या वेळीही ऐकली."

"शेजारचं पोर असेल," सेनिंग म्हणाली. तिला काही ऐकू आलं नव्हतं.

"चांगली घालतो. मला पाठ झाली." आणि त्यानं ती घालून दाखवली. दोन आखूड, एक लांब, शेवटी खाली घसरत जाणारी.

ती सियानोची शीळ होती. समुद्रावर शीळ घातली की वादळ येतं म्हणून खलाशी बोटीवर ओठ मिटून असतात. सियानो मग सगळी शीळ घरासाठी राखून ठेवायचा, आणि धक्क्यावरून आला की पायरीशी उभा राहून बांताय कुत्र्याला अशी हाक द्यायचा. खांबांवरच्या घराखाली झोपलेला बांताय, आता म्हातारा आणि अर्धा आंधळा, बाहेर आला. त्यानं फोनकडे बघितलंही नाही. पायरीशी जाऊन, कुणीही नव्हतं तिथं वर मान करून, तो शेपूट हलवू लागला.

"पुन्हा घालू नका," सेनिंग नेव्हिलला म्हणाली. "वारा सुटतो." तिनं फोन ठेवून दिला.

तेव्हापासून तिचं लक्ष जायला लागलं. बांबूच्या शिडीची खालून तिसरी पायरी सकाळी ओली असायची, पाऊस नसताना. बोट लावून चाटलं तर खारट. मिठाचं घर, मीठ कुठंही लागतं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. पण दुपारी एकटी असली की ती पाठ भिंतीला लावून बसायची. नानायला काही सांगितलं नाही. म्हातारीला काय सांगणार, तुमचा मुलगा आलाय म्हणून?

मग ऑस्ट्रेलियाच्या वकिलातीतून फोन आला. बाई मनिलाच्याच वाटत होत्या, बोलायला गोड. नेव्हिल सकाळी काय खातो, त्याच्या पहिल्या बायकोचं नाव काय, भांडण झालं तर आधी कोण बोलतं, असं विचारत गेल्या. सेनिंग भराभर सांगत गेली. शेवटचं भांडण ऐकताना बाई हसल्यासुद्धा.

"घरात तुमच्याबरोबर कोण असतं?"

"सासू. पहिल्या नवऱ्याची आई."

"आणखी?"

"आणखी कुणी नाही, मॅडम."

"मग हा पुरुष कोण आहे?"

"कुठला पुरुष?"

"शीळ घालतोय तो. मघाशी लांब होता. आता तुमच्या अगदी जवळ आहे."

सेनिंगनं मान वळवली. खोलीत ऊन होतं, चटई होती, वाळलेल्या मासळीची पोती होती. तिच्या मानेवर गार लागलं, ओलं कापड टेकवल्यासारखं.

"मॅडम," बाईंचा आवाज आता गोड राहिला नव्हता, "तुमचे पहिले पती जिवंत आहेत का? असतील तर आत्ता सांगा. नंतर कळलं तर कायमचं दार बंद होईल."

"मेलाय तो. कोर्टानं सांगितलंय."

"कोर्टाचा निकाल आमच्याकडे आहे. मी पुन्हा फोन करीन. तोवर घरात कोण राहतं ते नीट आठवून ठेवा."

पासिंग मागच्या अंगाला बसून मासळी चिरत होती. सेनिंगनं तिच्यापुढं बसकण मारली आणि सगळं ओकून टाकलं, शीळ, पायरी, कुत्रं, वकिलात. म्हातारीची सुरी थांबली नाही. बोलता बोलता सेनिंगच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"नानाय, कोर्टातून येताना आपण कुठं थांबलो होतो?"

पासिंगनं चिरायला पुढची मासळी उचलली.

"कुठंच नाही. सरळ घरी आलो."

आमच्याकडे मयताच्या घरून उठलेला माणूस सरळ आपल्या घरी जात नाही. वाटेत पावाच्या दुकानात टेकतो, कॉफी घेतो, ते नाही तर कुणाच्या तरी ओट्यावर दोन गप्पा हाणतो. मेलेला मागोमाग आलेला असतो, तो तिथं रेंगाळतो आणि पुढची वाट चुकतो. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण कोर्टातून येताना कोण थांबणार? पंखा, वकील, शिक्के, ते काय मयत होतं? पण होतं ते मयतच. सियानोला मेला असं माणसांनी पहिल्यांदा तिथं म्हटलं होतं.

"आता नीट करूया," पासिंग म्हणाली. "सगळं जसं करतात तसं."

सियानोचा फोटो मेणबत्त्यांमध्ये ठेवला गेला. नऊ संध्याकाळ वाडीतल्या बायका येऊन प्रार्थना म्हणून गेल्या. त्या दिवसांत घर झाडायचं नसतं, कुणी झाडलं नाही. शेवटच्या संध्याकाळी दोघींनी नारळाच्या करवंटीत मेणबत्ती लावून पाण्यावर सोडली. बांताय मागोमाग आला होता. करवंटी लाटांवरून आत जाईनाशी झाली, परत परत पायांशी येत होती. पासिंगनं वाकून ती हातानं ढकलली.

परतीच्या वाटेवर पावाचं दुकान आहे. सेनिंग बाकावर टेकली. पासिंग उभीच राहिली.

"बसा ना, नानाय."

"तू बस. कॉफी घे. मी घरी जाते, सरळ."

"सरळ गेलात तर..."

"काय होतं ते मला माहितीये. त्या दिवशी माझे पाय दुखत नव्हते, इंदाय."

एवढ्या वर्षांत पासिंग तिला इंदाय, पोरी, असं क्वचितच म्हणाली होती.

"पोटच्या पोराला मेला म्हणून सांगितलं मी. दोनदा. दुसऱ्यांदा ओरडून. तुझ्यासाठी सांगितलं, त्याचं मला काही नाही. पण मग त्याला तिथं कोर्टाच्या पायऱ्यांवर सोडून यायचं?"

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू पाव घ्यायला थांबली असतीस." म्हातारीनं झग्याच्या काठाशी चाळा केला. "मला तो ऐकू येत नाही. दिसत नाही. कुत्रं उठतं, तेवढं मी बघते. तेवढ्यावर माझा दिवस जातो. पण तुझा फोन यायचा आणि तो तुझ्याजवळ जाऊन बसायचा, त्याचा मी विचार केला नव्हता. आता तू घरी येऊ नकोस. तुझी पिशवी भरून टेकडीवरच्या तुझ्या मावशीकडे पोचवलीय मी दुपारीच."

"नानाय..."

"तो तुझ्यामागं तिकडं आला तर करणार काय? त्या गोऱ्याशी बोलणार कसा? इंग्रजी तर कधी शिकला नाही."

सेनिंगला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. पासिंग निघाली. रस्ता रुंद होता, तरी ती अगदी कडेनं चालत होती, बाजूला एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. बांताय तिच्या मागं नव्हता. तो त्या मोकळ्या जागेच्या मागून चालला होता, मान वर करून.

दुकानदारानं फळ्या लावायला घेतल्या तरी सेनिंग बाकावरच होती. मग ती मावशीकडे टेकडीवर गेली. ज्या घरात तिनं अर्धं आयुष्य काढलं, त्याची पायरी ती पुन्हा चढली नाही.

वकिलातीचा दुसरा फोन तिनं टेकडीवरच घेतला. बाईंनी नवं काही विचारलं नाही. बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. "आज शांत आहे तुमच्याकडे," एवढंच म्हणाल्या. पुढं व्हिसा आला. निघायच्या दिवशी पासिंग जीपनीच्या थांब्यावर सुक्या मासळीचं पुडकं घेऊन उभी होती. "विमानतळावर काढून घेतील हो," सेनिंग म्हणाली. "मग त्यांना खाऊ दे," पासिंग म्हणाली. गळ्यात पडणं वगैरे दोघींना जमलं नाही.

मकायमध्ये घर नीट लागल्यावर सेनिंगनं नानायला फोन केला. नेव्हिल पलीकडे बशा विसळत होता. पासिंग जोरजोरात विचारत होती, थंडी आहे का, भात मिळतो का, तो जेवायला बरोबर बसतो का. आणि तिच्या आवाजामागून, लांबून, दोन आखूड आणि एक लांब.

सेनिंगनं खुर्चीची पाठ धरली. एवढे दिवस त्या घरात राहून तिला ती शीळ ऐकू आली नव्हती, ती फक्त फोनपलीकडच्याला ऐकू यायची. लग्नाच्या नव्या दिवसांतली, ताजी, जशीच्या तशी.

"गप्प का झालीस?" पासिंगनं विचारलं. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "इंदाय. येतो का ऐकू?"

"येतो, नानाय."

पासिंगनं हळूच विचारलं, "कुठं आहे?"

"लांबून येतोय आवाज. कुत्र्याला बोलावतोय."

"म्हणजे पायरीशी असेल." भांडं सरकवल्याचा आवाज आला. मग म्हातारी दाराकडे तोंड करून, रोजच्याच खेकसण्यानं म्हणाली, "सियानो, पाय धुऊन वर ये. भात वाढलाय."

शीळ थांबली. मग बांबूची शिडी करकरली, एकेक पायरी करत. नेव्हिलनं पाण्याचा नळ सोडला, तशी सेनिंगनं हातानं त्याला तो बंद करायची खूण केली आणि फोन कानाशी घट्ट दाबून धरला.