आक्काची सुरंगी

सातवीच्या वर्गात इतिहास चालू होता. मालवणच्या एसटीचा कंडक्टर शाळेच्या फाटकातून आत येताना दिसला आणि माझं डोकंच फिरलं. आक्काचे निरोप नेहमी असेच यायचे, कंडक्टरच्या तोंडून आणि नेमके माझ्या तासाला. खडू टेबलावर आपटून मी तणतणत व्हरांड्यात गेले. ‘आता काय हवंय तिला?’ मी विचारलं. तो बिचारा टोपी काढून उभा राहिला. ‘बाई... आक्का गेली. सकाळीच.’ सख्ख्या मोठ्या बहिणीच्या मरणाची बातमी मी कपाळाला आठ्या घालून ऐकली. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. शोक करायला बसते आणि राग राग करून उठते, असं माझं चाललं आहे.

मालवणच्या बाजारात आक्काचं छोटं दुकान होतं. भावोजी गेल्यावर तिने ते एकटीने चालवलं. बांगड्या, कुंकू, उदबत्त्या आणि मागच्या काचेच्या कपाटात अत्तरं. अत्तर घ्यायला लोक कणकवलीहून यायचे ते तिच्या नाकासाठी. लग्न ठरलेल्या मुलीचं मनगट हातात घेऊन ती हुंगायची आणि ‘हिच्या अंगार हिना बसूचो नाय, केवडो देतंय’ असं सांगायची. मुलीच्या आईचं त्यावर काही चालत नसे. मग एका श्रावणात तिला ताप आला, तीन आठवडे हटला नाही, आणि उतरला तेव्हा तिचं नाक गेलेलं होतं. कॉफी काय नि गरम पाणी काय, तिला सारखंच. हे तिने फक्त मला सांगितलं. वर माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली. ‘कळला तर माझ्याकडे कोण येतला गो? बांगड्यो शेजारच्या दुकानात पण गावतत.’

तिथून माझे हाल सुरू झाले. वर्षातून दोनदा उत्तरेकडचा एक पेटीवाला तिच्याकडे उतरायचा. लाकडी पेटीत अत्तराच्या साठेक शिशा, प्रत्येकीला काचेचं बूच. तो आला की कंडक्टर मसुऱ्याला माझ्या शाळेत यायचा, मी किरकोळ रजेचा अर्ज लिहायचे आणि हेडमास्तर माझ्याकडे असे बघायचे की जणू मी चोरी करून निघाले आहे. दुकानात आक्का आधी कापसाचा फाया नाकाशी धरायची, डोळे मिटायची, मान डोलवायची. असा अभिनय मी दशावतारातही पाहिला नाही. मग ‘बघ गो तू’ म्हणत फाया माझ्याकडे. पेटीवाल्याला मालवणी कळत नसे. मी सहज गप्पा मारल्यासारखं वासाचं वर्णन करायचं आणि तिने त्यावरून ठरवायचं.

‘बरा आहे’ म्हटलेलं तिला खपायचं नाही. ‘बरो तर डॉक्टरच्या औषधान पण होता माणूस. कसो ता सांग.’ खस म्हणजे उन्हाळ्यात माठाखाली ओलं राहिलेलं फडकं, असं मी एकदा वैतागून म्हणाले, तर ती खूश. हिना म्हणजे वर्षभर ट्रंकेत पडलेली शाल, तीही जिने पान खाल्लंय अशा बाईची. एका महागड्या उदाच्या तेलाला मी ‘गोठ्यात धूप घातलो हा’ म्हटलं, तर तिने तेच आधी बाजूला काढून घेतलं. शेजारचा मुलगा आखातातून फवाऱ्याची बाटली घेऊन आला, त्याचाही वास मीच सांगायचा. ‘इस्पितळातल्या नर्सान पेरू खाल्ल्यान,’ मी म्हटलं. आक्का खुर्चीतून पडायची बाकी राहिली. पण हसून झालं की पुन्हा उलटतपासणी. ‘पेरू पिको की कच्चो?’ वीसेक शिशांनंतर माझं नाक बधिर व्हायचं, तेव्हा ती कुळथाच्या पिठाचा डबा पुढे करायची. तो हुंगला की नाक ताजं होतं असं तिचं म्हणणं. माझ्या नाकात फक्त पीठ जायचं.

तिची एक हौस होती, सुरंगीची. आमच्याकडे सुरंगी फुलते वर्षातून चार दिवस, तिचे वळेसर म्हणजे गजरे माळून होतात न होतात तोवर संपते. तिचं अत्तर कोणीच करत नाही, हे आक्काला आयुष्यभर सलत होतं. एका वैशाखात तिने वाळल्या कळ्यांचं पोतं पेटीवाल्याबरोबर पाठवलं. पुढच्या माघात तो अत्तर घेऊन आला. त्या दिवशी आमच्या शाळेत तपासणी होती. हेडमास्तरांचं बोलणं खाऊन मी मालवणात पोचले, दारातच आक्काशी भांडले आणि चरफडत एकेक फाया हुंगत गेले. सुरंगी त्याने शेवटी काढली. माझं डोकं ठणकत होतं, परतीची बस सुटायला आली होती. फाया मी हातात घेतला... नाकापर्यंत नेलाच नाही. ‘सुरंगीच गो,’ म्हणाले. ‘झाडाखाली उभी रवल्यासारकी.’ आक्काने डोळे पुसले आणि त्याच्याकडचं सगळं अत्तर घेतलं.

शेजारणीकडच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिने आपल्या हाताने ते प्रत्येकीच्या मनगटावर लावलं. बायका खऱ्या सुरंगीचे वळेसर माळून आलेल्या! मनगटं हुंगून सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. मग एकीने सांगून टाकलं, ‘आक्का, कुजक्या अननसार रॉकेल वतल्यासारको वास येता हो.’ हशा पिकला. मी तिथेच पन्ह्याचे पेले भरत होते. ‘हिने सांगितलं’ एवढे दोन शब्द आक्का बोलली असती तर मी सुटले असते. ती म्हणाली, ‘माझा नाक गेल्याक तीन वर्सां झाली. इतके दिवस मी अंदाजानच देय होतंय.’ सगळं एकटीच्या अंगावर घेतलं बाईने. मसुऱ्याच्या शाळेतल्या बाईंचं नाव तिने येऊ दिलं नाही. मनगट पुढे करायला मग कोणी आलं नाही, पेटीवाला यायचा बंद झाला, आणि दोन वर्षं ती बांगड्या विकत बसली. मला एका शब्दाने बोलली नाही. अहो, एकदा शिव्या तरी घालायच्या! मी भांडायची तयारी करून जायचे आणि ती माझ्यापुढे सोलकढी ठेवायची.

ती जायच्या आधीच्या रविवारी मी तिच्या खाटेवर बसले होते. मीच शेवटी तोंड उघडलं. ‘आक्का, तो फायो मी हुंगूकच नव्हतंय.’

‘माका म्हायत आसा,’ ती म्हणाली. ‘तुझो हात नाकापर्यंत गेलोच नाय. मी बघत होतंय.’

‘मग घेतलंस कित्याक?’ मी जवळजवळ ओरडलेच.

ती वाशांकडे बघत म्हणाली, ‘माका सुरंगी व्हयी होती गो.’

दोन वर्षं मी ज्याचा जाच सोसला, ते तिला त्याच क्षणी ठाऊक होतं. आता सांगा, अशा बाईला काय करायचं?

दुकान आवरताना कपाटात त्या अत्तराच्या अकरा शिशा निघाल्या, प्रत्येकीवर तिच्या हातची चिठ्ठी, ‘सुरंगी’. त्या मी मसुऱ्याला आणल्या. परवा सकाळी एकीचं बूच काढलं आणि पहिल्यांदाच, नीट, नाकाशी धरून हुंगली. आक्का ऐकते आहे असं समजून शोधत राहिले. अननस होता, तोही कुजकाच. रॉकेल होतं. मागे थोडा गूळ जळल्यासारखा, आणि मग ओल्या काथ्याचा. सुरंगी कुठेही नव्हती. बायका अगदी खरं बोलल्या होत्या.

दोन्ही मनगटांना लावून मी शाळेत गेले. फळ्यापाशी गेल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीने नाक वर केलं. तिच्या वेणीत ताजा वळेसर होता. ‘बाई, ह्यो वास कसलो?’

‘सुरंगीचा,’ मी म्हटलं, आणि पुस्तकं उघडायला सांगितली.